दुसऱ्याचं लेकरू पडद्यावर नेताना

मी चित्रकथा लिहिते. असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "म्हणजे चित्रं काढता का?" चित्रं मी काढत नाही. चित्रकथेच्या लेखकाचं काम निराळं असतं. मी कागदावर लिहिते, पान तिसरं, चौकट पहिली. भर दुपार. विहिरीच्या काठावर पोरगा वाकून आत बघतोय. फुग्यात त्याचं एकच वाक्य. चौकट दुसरी. विहिरीत पाणी नाही, तळाशी एक करडू. अशी पानामागून पानं लिहायची आणि चित्रकाराच्या हवाली करायची. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. या जिल्ह्यात हा उद्योग करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

लोकांचा दुसरा प्रश्नही ठरलेला असतो. "तुमच्या गोष्टीवर पिक्चर का नाही काढत?" माझ्या गोष्टीवर कुणी काढला नाही. पण एकदा दुसऱ्याच्या गोष्टीवर निघणाऱ्या चित्रपटाची पटकथा लिहायला मला बोलावलं होतं. पात्रं माझी नव्हती. ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ लेखकाची होती. त्या वर्षभरात मनात जे प्रश्न उभे राहिले, ते आज आपल्यापुढे ठेवते. प्रश्न माझ्या एकटीचे नाहीत. पुस्तकातलं आवडतं पात्र पडद्यावर पाहून "हा आमचा तो नव्हेच" असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणालेलो असतो.

ते लेखक जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, मीही तेच म्हणते. नाव सांगत नाही, कारण घरच्यांना ते नको आहे. बालाघाटच्या डोंगरातला एक मेंढपाळाचा पोरगा हा त्यांचा नायक. त्याच्या गोष्टी एका छोट्या बालमासिकात वर्षानुवर्षं येत होत्या. पोरगा मेंढरं राखतो, शाळा बुडवतो, गावातली लबाडी ओळखतो आणि आपल्या पद्धतीने ती उघडी पाडतो. कमरेला कायम गोफण. लहानपणी आम्ही त्या गोष्टी वाचून गोफणी वळल्या होत्या.

२०१८ साली पुण्याकडचे एक निर्माते या गोष्टींवर चित्रपट करायचा म्हणून आले. आदल्याच वर्षी, २०१७च्या ऑक्टोबरात 'फास्टर फेणे' पडद्यावर आला होता आणि मराठी बालसाहित्यातल्या नायकांना चांगले दिवस येतील असं वाटू लागलं होतं. गुरुजींनी होकार दिला. पटकथेसाठी माझं नाव त्यांनीच सुचवलं. म्हणाले, "ही चौकटीत विचार करती. सिनेमाबी चौकटीतच असतोय की."

गुरुजींचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. चित्रकथा आणि चित्रपट दोन्ही चौकटीतच मांडतात. पण चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये कोरी जागा असते, तिथे जे घडतं ते वाचक स्वतः घडवतो. पहिल्या चौकटीत पोराने उडी मारली, दुसऱ्या चौकटीत तो झाडावर आहे. मधली उडी वाचणाऱ्या मुलाची. चित्रपटाला ही सवलत नाही. तिथे उडी दाखवावी लागते आणि एकदा दाखवली की ती सगळ्यांसाठी एकच होऊन बसते.

फास्टर फेणेचंच उदाहरण घ्या. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून फिरतो, नको तिथे नाक खुपसतो आणि 'ट्टॉक' असा आवाज काढतो. तो 'ट्टॉक' पुस्तकात फक्त अक्षरांत आहे. महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी आपापल्या टाळूला जीभ लावून आपापला 'ट्टॉक' तयार केला. दूरदर्शनवर १९८७च्या सुमारास मालिका आली, तेव्हा सुमीत राघवनचा 'ट्टॉक' आला. २०१७ साली अमेय वाघचा आला. ज्याने पुस्तक आधी वाचलं होतं त्याच्या कानात या दोन्हींच्या आधीचा तिसराच आवाज होता, त्याचा स्वतःचा. पडद्यावर पात्र नेणाऱ्याला अशा न ऐकलेल्या हजारो आवाजांशी सामना करावा लागतो.

मग मूळ गोष्टीत काही बदलूच नये का? तसं अजिबात नाही. २०१७च्या चित्रपटात दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि लेखक क्षितिज पटवर्धन यांनी बनेशचं वयच वाढवलं. शाळकरी पोराऐवजी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण त्यांनी दाखवला आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराशी त्याची गाठ घातली. कपडे, काळ, वय, सगळं नवं. तरी बऱ्याच जणांना तो बनेशच वाटला, कारण त्याची उठाठेव शाबूत होती. दुसऱ्याच्या भानगडीत जीव धोक्यात घालणारा चौकस पोर, हा त्याचा गाभा. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी भा. रा. भागवतांनाच चित्रपटातलं एक पात्र केलं. ती भूमिका केली दिलीप प्रभावळकरांनी, म्हणजे १९७०च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ज्यांनी चिं. वि. जोशींचा चिमणराव साकारला होता त्यांनीच. एका लेखकाचं पात्र जगलेला नट पुढे दुसऱ्या पात्राच्या जनकाची भूमिका करतो, हा योग मोठा गोड आहे. ज्याचं पात्र घेतलं त्याला पडद्यावर बसायला पाट दिला, असं मी म्हणेन.

चिमणरावाचा प्रवास तर याहून जुना. मास्टर विनायकांनी १९४० साली 'लग्न पाहावे करून' आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे' काढला. दोन्हींत चिमणराव होते दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ होते विष्णुपंत जोग. पुढच्या पिढीला प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी मिळाली. दामूअण्णांचा तिरळा डोळा आणि प्रभावळकरांची किरकोळ शरीरयष्टी यांत साम्य काहीच नाही. पण भिडस्त, घाबरट, मनाने निर्मळ असा मध्यमवर्गीय माणूस दोघांतही सापडतो. चेहरे दोन झाले, पण चिमणराव एकच राहिला.

चित्रमालिकेतून आलेला आपला नायक म्हणजे चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ पासून वर्तमानपत्रात येऊ लागला. तीन-चार चौकटींत गंमत संपते. उद्या सकाळी नवी. असा नायक दोन तासांच्या चित्रपटात न्यायचा तर काय करायचं? श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ साली 'चिंटू' केला तेव्हा मुलांच्या खेळायच्या मैदानाचा प्रश्न घेतला. मैदान हातचं जातं आणि पोरं ते परत मिळवायला निघतात. हा पेच चिंटूच्या जगातलाच आहे. त्याला कुणी बंदूक दिली नाही, परदेशात नेलं नाही. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू या गल्लीतच गोष्ट रंगली. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, त्यात मुलं खजिन्याच्या शोधात निघाली.

ही झाली आपल्याकडची उदाहरणं. एका चित्रकथाकाराने दुसऱ्या चित्रकथाकाराचं पात्र स्वतः पडद्यावर नेलं, असं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. तिथे विल आइसनर नावाचे मोठे चित्रकथाकार होऊन गेले. त्यांचा 'स्पिरिट' हा नायक २ जून १९४० रोजी आला, तोही रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर मिळणाऱ्या १६ पानी पुरवणीतून. मेलेला समजून पुरलेला हा गुप्तहेर स्मशानात राहून शहरातल्या गुन्हेगारांचा माग काढतो. डोळ्यांवर छोटा मुखवटा, निळा सूट, लाल टाय. मार बऱ्याचदा तोच खातो. त्या काळात पात्राची मालकी सहसा प्रकाशकाकडे जायची. आइसनरांनी ती आपल्याकडेच राखली, हे विशेष.

आइसनरांचं मन कळायचं तर १९४८ साली आलेली गेरहार्ड श्नॉबलची गोष्ट पाहावी. श्नॉबल हा एक साधा, दुर्लक्षित माणूस. त्याला उडता येतं. जगाला ते दाखवायचं म्हणून तो उंच इमारतीवरून झेप घेतो आणि खरंच उडतो. त्याच वेळी गच्चीवर स्पिरिटची चोरांशी झटापट चाललेली असते. एक चुकार गोळी श्नॉबलला लागते. तो खाली पडतो आणि तो उडाला होता हे कुणालाच कळत नाही. गोष्ट स्पिरिटची, पण स्पिरिट तिच्यात जेमतेम आहे. छोट्या माणसाकडे बघणारी ही नजर म्हणजेच आइसनर.

आइसनर जानेवारी २००५ मध्ये वारले. 'स्पिरिट'वर चित्रपट करायचं काम फ्रँक मिलरकडे आलं. मिलर स्वतः नामवंत चित्रकथाकार. आइसनरांना गुरुस्थानी मानणारा. त्या दोघांच्या दीर्घ संभाषणांचं पुस्तकच २००५ साली निघालं. त्याच वर्षी मिलरच्या स्वतःच्या चित्रकथेवरचा 'सिन सिटी' चित्रपट आला होता, त्याचं सहदिग्दर्शनही त्याने केलं होतं. म्हणजे माणूस जाणता, नातं आपुलकीचं, अनुभव ताजा. याहून योग्य माणूस कोण मिळणार?

२५ डिसेंबर २००८ रोजी चित्रपट आला आणि पडला. सुमारे ६ कोटी डॉलर खर्च झाले, जगभरातून ४ कोटींच्या आतच परत आले. पैशाचं सोडा. स्पिरिटचा निळा सूट काळा झाला होता. पडदाभर 'सिन सिटी'चाच काळोख आणि त्यात लाल रंगाचे फटकारे. आइसनरांच्या चित्रकथेत ऑक्टोपस हा खलनायक कधी चेहरा दाखवत नाही. दिसतात ते फक्त त्याचे हातमोजे. चित्रपटात सॅम्युअल जॅक्सन पहिल्यापासून तोंड उघडं ठेवून वावरतो. मोठा नट घ्यायचा आणि त्याचा चेहरा झाकायचा, हे चित्रपटाच्या धंद्यात कुणाला परवडणार? पण वाचकाने वर्षानुवर्षं मनात जपलेला तो न दिसलेला चेहरा त्या क्षणी संपला.

मिलरचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याची स्वतःची शैली इतकी जबरदस्त की आइसनर तिच्याखाली दबून गेले. आवडणाऱ्या माणसाच्या हातूनही हे होतं. किंबहुना आवडणाऱ्याला मूळ लेखकाशी असलेल्या जवळिकीचा भरवसा वाटतो आणि तो विचारायचं थांबतो.

म्हणून पटकथा लिहिताना मी एक वही केली. तिच्यात पोरगा काय काय करतो ते लिहिलं नाही. तो काय कधीच करत नाही, ते लिहिलं. गुरुजींच्या सगळ्या गोष्टी पुन्हा वाचल्या आणि यादी काढली. तो मोठ्यांना उलटून बोलत नाही, गप्प राहतो. तो भुतांना भीत नाही, पण कुत्र्याला भितो. तो कधी बक्षीस घेत नाही. आणि त्याची गोफण जिवंत प्राण्यावर कधी सुटत नाही. मेंढरू वळवायचं तर दगड त्याच्या पुढच्या मातीत पडतो. हा शेवटचा मुद्दा माझ्याही आधी लक्षात आला नव्हता. गुरुजींना विचारलं तर हसले. म्हणाले, "मेंढक्याचं पोर हाय ते. जितराबावर दगड टाकंल का? आन् ज्याचा हात जितराबावर उठत नाही, त्याचा माणसावर कसा उठंल?"

पटकथा उभी राहिली. गावातल्या अकरा मुलांची निवड झाली. चित्रीकरण सुरू होईपर्यंत केस कापायचे नाहीत, असं त्यांना बजावलं होतं. पोरं घरच्यांशी भांडून चार महिने झिपऱ्या वाढवून हिंडत होती. शाळेत बोलणी खात होती आणि ऐटीत सांगत होती, "पिक्चरमध्ये हाय मी."

अडचण शेवटच्या प्रसंगाशी आली. वाळूचोरांची गाडी रात्री नदीतून निघते, पोरगा एकटा. निर्मात्यांचं म्हणणं होतं की गोफणीतला दगड म्होरक्याच्या कपाळावर बसला पाहिजे. त्यांचा मुद्दा फालतू नव्हता. ते म्हणाले, "पहिल्या दृश्यापासून प्रेक्षक ती गोफण बघतोय. ती सुटली नाही तर तो पैसे परत मागेल." बरोबर होतं ते. गोफण सुटायला हवीच होती. कशावर, एवढाच प्रश्न होता.

मी दुसरा शेवट लिहिला. आपल्याकडे खेड्यातल्या कितीतरी शाळांत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असतो. पोरगा अंधारात गोफण फिरवतो, दगड त्या रुळावर बसतो, मध्यरात्री शाळेची घंटा होते आणि गाव जागं होतं. शाळा बुडवणारं पोर शाळेची घंटा वाजवतं. हे ऐकल्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "हे मला सुचायला पाहिजे होतं." लेखकाकडून मिळालेली याहून मोठी पावती माझ्याजवळ नाही.

निर्मात्यांना घंटा आवडली, पण घंटेनंतर कपाळही हवंच होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरा लेखक बघतो म्हणून सांगितलं. मी पटकथा मागे घेतली, मानधनाचे उरलेले दोन हप्ते सोडून दिले. दुसरा लेखक काही मिळाला नाही, पुढे त्यांचा उत्साहही मावळला. नुकसान खरं झालं ते त्या अकरा पोरांचं. त्यांना सांगायला मीच गेले. एकाने विचारलं, "मग आता केस कापू का?" त्याला हो म्हणणं फार जड गेलं. माझ्या एका नकारापायी अकरा मुलांची हौस बुडते, हे ठीक का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच सांगते की पोरगा माझा असता तर मी कदाचित तडजोड केली असती. तो माझा नव्हता.

यावर एक मित्र म्हणाले, "एवढं काय त्यात? तुळजापूरला गोंधळी रोज आख्यान लावतात, कोण कुणाची परवानगी घेतो?" प्रश्न चांगला आहे. संबळ-तुणतुण्यावर गोंधळी कथा सांगतो तेव्हा तो विनोद आपले घालतो, गावातली माणसं कथेत ओढतो, कालची बातमी पेरतो. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्टही तशीच. भजनाच्या तंद्रीत चिखलाबरोबर स्वतःचं लेकरू तुडवणारे गोरोबा प्रत्येक कीर्तनकाराचे थोडे वेगळे असतात. पण गोरोबा पैशाचे लोभी होते असं एखाद्याने सांगून पाहावं. पुढे बसलेली म्हातारी माणसं उठून जातील. परंपरेतल्या पात्राला कागदावरचा मालक नसतो, पण राखणदार असतात, आणि ते समोर बसलेले असतात. लेखकाने निर्माण केलेल्या नव्या पात्राला असे राखणदार मिळायला पिढ्या लागतात. तोवर राखण करायची लेखकाने, त्याच्या घरच्यांनी आणि कायद्याने.

कायद्याविषयी चार शब्द सांगते, कारण तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्यांना ते सहसा कुणी सांगत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं साहित्यावर हक्क राहतो. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. म्हणजे २०२४ उजाडल्यापासून चिमणरावाच्या मूळ गोष्टी सगळ्यांना खुल्या झाल्या. भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे.

दुसरी बाब, हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. कोणत्या कृतीचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत की ते लेखकाकडे परत येतात. गुरुजींच्या करारात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. धाराशिवच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांनी हे कलम दाखवलं. वर्ष उलटलं, त्यांनी एक साधं पत्र लिहून दिलं आणि मेंढपाळाचा पोरगा गुरुजींच्या घरी परत आला.

तिसरी बाब सगळ्यात महत्त्वाची. हक्क विकले तरी लेखकाचा मान विकला जात नाही. याच कायद्याच्या ५७व्या कलमानुसार आपलं नाव लावून घेण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. त्याच्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो, त्याच्या पश्चात त्याचे वारसही मागू शकतात. हिंदीतल्या लेखिका मन्नू भंडारी यांनी ते करून दाखवलं. त्यांच्या 'आपका बंटी' कादंबरीवर 'समय की धारा' हा चित्रपट निघाला, तेव्हा त्यांनी न्यायालयाचं दार ठोठावलं. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की माध्यम बदलताना आवश्यक ते फेरफार करायला निर्मात्याला मोकळीक आहे. पण मूळ कृतीचं रूपच पालटून भलतंच काही उभं करायची मोकळीक त्याला नाही. पैसे मोजून हक्क घेतलेल्या निर्मात्यालाही हे बंधन आहे. आई-बापाच्या भांडणात होरपळणाऱ्या एका लहान मुलाच्या गोष्टीवरून हा निकाल लागला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

करार परत आल्यावर गुरुजींनी मला बोलावलं आणि स्वतःच्या हाताने एक कागद लिहून दिला. या पटकथेची चित्रकथा करायला माझी परवानगी आहे, असा. त्यावर मोबदला एक रुपया, असं त्यांनी लिहिलं. वकिलांनी मुदत आणि प्रदेशही घालायला लावला, तेव्हा गुरुजी चेष्टेने म्हणाले, "प्रदेश लिहा, भूमपासून उमरग्यापर्यंत." पटकथेतलं जे दृश्य चित्रपटात शंभर माणसं उभी करून करावं लागलं असतं, ते चित्रकाराने एका पानावर केलं. अंधार, गोफणीचं वर्तुळ, पुढच्या चौकटीत हलणारा रूळ. घंटेचा आवाज आम्ही अक्षरांत लिहिलाच नाही. तो वाचणाऱ्या पोरांवर सोडला.

ती ४८ पानांची चित्रकथा छापून झाली तेव्हा गुरुजी अंथरुणाला खिळलेले होते. मुखपृष्ठावर त्यांचं नाव वर आणि मोठं, त्याखाली माझं आणि चित्रकाराचं. त्यांनी शेवटचं पान उघडून बघितलं, गोफण कुठे सुटली ते तपासलं आणि पुस्तक उशाला ठेवलं. २०२२ साली ते गेले.

पुस्तकाच्या प्रती त्या अकरा मुलांना दिल्या. एव्हाना त्यांना मिसरूड फुटलं होतं. चित्रकाराने चित्रातल्या पोरांचे चेहरे त्यांच्यावरूनच घेतले होते, झिपऱ्यांसकट.

जे लिहितात त्यांना माझं सांगणं एवढंच की आपलं पात्र कुणाच्या हाती देताना ते काय कधीच करणार नाही, हे एका कागदावर लिहून करारासोबत जोडा. पात्र कसं दिसतं, काय घालतं, किती वर्षांचं आहे, याचा फार आग्रह धरू नका. ते बदलणारच आणि बदलू द्यावं. आणि जे दुसऱ्याचं पात्र पडद्यावर नेतात त्यांनी तो कागद आधी मागून घ्यावा. मूळ लेखक हयात नसेल तर त्याची पुस्तकं वाचून तो स्वतः तयार करावा. त्याला चार-आठ दिवस लागतात. पोरगं दुसऱ्याच्या घरचं आहे, तेवढी विचारपूस करायलाच हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)